मागेन अबोथ, दोन गावांतले

अलिबागला आमचं घर इस्रायल आळीपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या १८४८च्या मागेन अबोथ सिनेगॉगला आम्ही पोरं 'मशीद'च म्हणायचो. शेजारचे बेने इस्रायल ज्यूही तसंच म्हणत. सिंगापूरहून भाचीचा फोन आला, "मामा, इथेही त्याच नावाचं सिनेगॉग आहे." तेवढ्यावर मी निघालो.

भाची बुकित पंजांगला राहते. घर नवव्या मजल्यावर, खोली इतकी अरुंद की बॅग उघडली की पाय ठेवायला जागा नाही. जवळच फोर्डचा जुना कारखाना. १५ फेब्रुवारी १९४२ला ब्रिटिश सेनानी पर्सिव्हलने तिथे जपानी सेनानी यामाशितापुढे शरणागती पत्करली. ते संग्रहालय तासाभरात उरकलं, मरीना बे बसमधूनच पाहिलं.

बुकित पंजांगहून मेट्रो थेट रोचोरला नेते. इथे बगदादी ज्यूंचा महल्ला होता. १९२४ची एलिसन बिल्डिंग आणि १९२८ची डेव्हिड एलायस बिल्डिंग या दोन्हींवर सहा टोकांचा तारा अजून आहे. वॉटरलू स्ट्रीटवर १८७८चं मागेन अबोथ. सोबतचा गाइड खाण्याच्या दुकानांबद्दलच बोलत होता. त्याला निरोप दिला.

जपान्यांनी १९४३मध्ये इथल्या ज्यू पुरुषांना धरून चांगीच्या तुरुंगात टाकलं. १९४५मध्ये बायकामुलांनाही साइम रोडच्या छावणीत नेलं. रात्री पुण्यातल्या इतिहासकार मित्राला फोन केला. तो म्हणाला, "याला होलोकॉस्ट म्हणू नकोस. इथे गॅस चेंबर नव्हते, बहुतेक लोक जिवंत परतले." त्याचं खरं आहे, आणि तरीही मला पटलं नाही. जर्मन कलाकार गुंटर डेमनिग ज्यूंच्या आणि नाझींच्या इतर बळींच्या जुन्या घरांपुढे पितळी पाट्या बसवतो: नाव, जन्मसाल, पुढे काय झालं. पळून वाचलेल्यांच्याही. युरोपात अशा पाट्या लाखावर आहेत. माणूस ज्यू म्हणून घरातून उचलला गेला, एवढं पाटीला पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी क्रांजीच्या युद्धस्मारकाला जायचं होतं. तिथल्या भिंतींवर चोवीस हजारांवर सैनिकांची नावं कोरलेली आहेत. पण पाय पुन्हा त्या ज्यू महल्ल्यातल्या मिडल रोडकडेच वळले. पावसात उंबरे न्याहाळत फिरलो. कुठल्याही दारापुढे मला नाव दिसलं नाही.

सिंगापूरला गेलात तर रोचोरला उतरा, मान वर करून तो तारा बघा, आणि मग खाली दाराकडेही बघा.