घाटातला थांबा

वाचकहो, शेगावहून पंढरपूरकडे जाणारा दिंडी मार्ग आमच्या परतूरवरून जातो. रुंद, सपाट रस्ता आणि दुतर्फा कापूस, सोयाबीन व तूर. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती बुटांना अशी चिकटते की चार पावलांत पाय शेरभर जड होतो. म्हणून सकाळी धावणारी आम्ही मंडळी पक्का रस्ता सोडत नाही. वारकऱ्यांसाठी झालेल्या त्या रस्त्यावर पहाटे पाचला आमची अकरा जणांची छोटी दिंडी निघते. तीत दोन शिक्षक आहेत, बँकेतील एक कर्मचारी आहेत, जिनिंगमधले एक हिशेबनीस आहेत, एकाच घरातल्या दोन जावा आहेत, कृषी सेवा केंद्र चालविणारे माझे एक मित्र आहेत. सर्वांत मागे असतो तो मी, या सर्वांचा डॉक्टर.

पाऊस आम्हाला परका नाही, परंतु तो आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो. जालना जिल्ह्यात वर्षाकाठी पडतो सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला पाच हजारांहून अधिक पडतो, हे आम्ही केवळ भूगोलात वाचलेले. त्यामुळे धाकट्या जाऊबाईंनी जेव्हा ‘या वर्षी साताऱ्याला धावू या’ असे सुचविले, तेव्हा अंतरापेक्षा पावसाचेच आकर्षण अधिक होते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही २०१२ पासून पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी स्पर्धा. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचे, म्हणजे २१.१ किलोमीटर. निम्मी वाट चढायची, तीच उतरून परत यायचे. २०१५ साली एकाच डोंगरावर धावणाऱ्यांच्या संख्येसाठी या स्पर्धेची नोंद गिनीज बुकात झाली. आमच्यापैकी कोणीही आयुष्यात घाट धावलेला नव्हता. परतूरमधला सर्वांत मोठा चढ म्हणजे रेल्वे स्थानकाचा पादचारी पूल!

तपासणी, जी अपुरी राहिली

जाण्यापूर्वी दीड महिना मी सर्वांना दवाखान्यात बोलावून तपासले. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ईसीजी. दोघांची साखर वाढलेली निघाली, थोरल्या जाऊबाईंचे हिमोग्लोबिन कमी होते. त्यांवर उपचार सुरू केले. कृषी केंद्रवाल्या मित्रांचे वय बावन्न. तंबाखू सोडून दोनच वर्षे झालेली. वडील पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेले. रक्तदाब काठावर, ईसीजी मात्र निर्दोष.

अशा माणसाची ट्रेडमिल टेस्ट करावयास हवी, हे मला ठाऊक होते. कागदावर मी तसे लिहिलेही. पण ते माझ्याहून जोरात धावत होते, त्यांच्या दुकानात पेरणीचा हंगाम होता आणि जालन्याला जाऊन येणे म्हणजे दिवस मोडणार होता. ‘आल्यावर करू’ असे ते म्हणाले आणि मी मान हलवली. वाचकहो, या लेखात मला जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ त्या मान हलवण्यात आहे.

दुष्काळी रस्त्याने ढगांकडे

शनिवारी पहाटे दोन गाड्या निघाल्या. माजलगाव, बीड, जामखेड, बारामती, फलटण असा दिवसभराचा प्रवास. शिदोरीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा. फलटणपर्यंत आभाळ आपल्याकडचेच होते, कोरडे आणि उंच. त्यानंतर डोंगर जवळ येऊ लागले, हिरवा रंग गडद होत गेला आणि साताऱ्यात शिरलो तेव्हा अजिंक्यतारा किल्ला अर्धा ढगात होता. आमच्याकडे ढग वर पाहून शोधावे लागतात. येथे ते समोरच्या गल्लीच्या टोकाशी उभे होते. हिशेबनीस गाडीतून उतरून चेहरा वर करून भिजत राहिले, त्यांना कोणीही हटकले नाही.

रात्री मी सर्वांना नेहमीच्या सूचना दिल्या. पावसात धावताना सुती मोजे व सुती बनियन नको, कारण ते पाणी धरून ठेवतात आणि त्वचा घासून निघते. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिन लावावे. डोळ्यांवर पाणी येऊ नये म्हणून पुढे छज्जा असलेली टोपी घालावी. वेदनाशामक गोळी आधीच घेऊन धावू नये. शरीरातील पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडाला इजा करू शकते. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या दोघांना त्या दिवशीची मात्रा ठरवून दिली आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवायला लावल्या.

यवतेश्वराचा घाट

रविवारी उजाडताना पाऊस संथ लागला होता. हजारो माणसे मैदानात भिजत उभी, तरी गर्दीत एक उबदार गलका होता. शहरातले रस्ते मागे पडले आणि समर्थ मंदिराकडून यवतेश्वराच्या घाटाला लागलो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, आणि ज्या कास पठाराच्या दिशेने हा रस्ता चढतो ते सुमारे बाराशे मीटरवर. एका बाजूला काळा पाझरता कातळ, त्यावर शेवाळ आणि नेचे. दुसऱ्या बाजूला दरी, जी दिसत नव्हती, फक्त तिच्यातून गार वारा येत होता. प्रत्येक वळणावर रस्त्याकडेच्या चरातून पाण्याचा खळखळाट. ढग खाली उतरले की पुढच्या धावपटूची पाठ तेवढी दिसे.

अशा हवेत शरीर आपल्याला दोन ठिकाणी फसवते. गारव्यामुळे तहान लागत नाही, घाम पावसात मिसळल्याने दिसत नाही. माणसाला वाटते, आपण दमलेलोच नाही. दुसरे असे की, पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक उष्णता वाहून नेते. धावत असेपर्यंत ठीक. पण ओल्या कपड्यांत थांबला की माणूस काही मिनिटांत थरथरू लागतो. म्हणून मी आमच्या लोकांना दर दोन-अडीच किलोमीटरवर घोट-दोन घोट क्षार-साखरेचे पाणी घ्यायला सांगितले होते. त्याचबरोबर नुसते पाणी पोटभर पिऊ नका, असेही बजावले होते. त्याने रक्तातील सोडियम उतरू शकते.

सहा किलोमीटर झाले असावेत. एका वळणावर आमचे कृषी केंद्रवाले मित्र मला चालताना दिसले. ते नेहमी माझ्या पुष्कळ पुढे असतात. मी जवळ गेलो तेव्हा त्यांचा उजवा हात छातीच्या मध्यावर होता.

“काय झालं?”

“काही नाही हो, डॉक्टर. राती ठेचा जास्तीचा झाला, तेच जळजळायलंय. व्हा तुम्ही पुढं.”

“जबडा, खांदा, हात काही भरून आलंय?”

ते थोडे थांबले. “जबडा जरा अवघडलाय. गारठ्यानं असंल.”

मी त्यांना रस्त्याच्या कडेला बसवले. माझ्याजवळची प्लॅस्टिकची बरसाती त्यांना गुंडाळली, ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली आणि एका स्वयंसेवकाला रुग्णवाहिका बोलवायला सांगितले. पाच-सात मिनिटांत जळजळ ओसरली. ओसरल्याबरोबर ते उठू लागले. ‘आता बरं आहे, चालत तरी वर जातो,’ असा त्यांचा आग्रह. श्रमाने येणारी आणि थांबताच जाणारी छातीतली अस्वस्थता हीच हृदयाच्या रक्तवाहिन्यांची खूण असते, हे मी विद्यार्थिदशेपासून जाणतो. ते उमगायला मला परतूरमध्ये सहा आठवडे मिळाले होते; मी ते घाटात, पावसात, सहा मिनिटांत केले.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा धाकट्या जाऊबाई वरच्या वळणावर उभ्या राहून आमच्याकडे पाहत होत्या. मी हाताने पुढे जायची खूण केली. त्या गेल्या, पण त्या दिवशी आपण नऊ जणच पूर्ण धावलो याचे वाईट त्यांना अधिक वाटले.

रुग्णालयात ईसीजी नॉर्मल आला. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने दोनदा तपासले. दोन्ही वेळा नॉर्मल. मित्रांनी तो कागद माझ्यापुढे धरला. “बघा. मेडल घालवलंत माझं.” परतीच्या प्रवासात फलटणपासून बीडपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आधी का नाही धाडलं?

त्याच आठवड्यात मी स्वतः त्यांना जालन्याला घेऊन गेलो. ट्रेडमिल टेस्टच्या दुसऱ्या टप्प्यात ईसीजीची रेघ खाली गेली आणि छातीत तीच जळजळ आली. छत्रपती संभाजीनगरला अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी ऐंशी टक्के अरुंद झालेली निघाली. स्टेंट बसवला गेला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर, मग आधीच का नाही धाडलं मला?”

मी त्यांची क्षमा मागितली. कारणे सांगता आली असती, पण ती सांगण्यासारखी नव्हती. ‘जो धावतो तो निरोगी’ हा समज रुग्णांचा असतो, असे मी समजत होतो. तो माझाही होता. विश्रांतीचा ईसीजी निर्दोष असला तरी धमन्या निर्दोष असतीलच असे नाही, हे लक्षात ठेवा. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मध्यम वय ५३ आढळले, अन्य देशांत ते ५९ च्या जवळ होते. म्हणजे ज्या वयात आपण मुलांच्या जबाबदारीतून थोडे मोकळे होऊन बूट घेतो, नेमके तेच वय आपल्या धोक्याचे असते.

पुन्हा घाट

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. मित्रही आले, परंतु धावायला नाही. वर्षभर हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते टप्प्याटप्प्याने चालणे वाढवीत होते. घाट मात्र नको, असे तज्ज्ञांनी सांगितले होते आणि या खेपेस आम्हां दोघांनाही ते ऐकण्याची अक्कल आलेली होती. ते मैदानावर अकरा कोरडे टॉवेल, कोरडे सदरे आणि गुळाच्या चहाचे दोन थर्मास घेऊन थांबले.

त्या दिवशी पाऊस अधिक होता. चढ मी निम्मा धावलो, निम्मा चाललो. घाटात चालणे म्हणजे हार नव्हे. वर पोचल्यावर क्षणभर ढग फाटले आणि उघड्या माळावर सोनकीची पिवळी फुले वाऱ्यात हलताना दिसली. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेले कास पठार अजून पुष्कळ पुढे होते, पण आम्हा कापूसवाल्यांना एवढेही पुरे झाले. खरी परीक्षा उतारावर झाली. ओल्या उतारावर लांब ढांग टाकली की मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो, पाय घसरतो. लहान, भराभर पावले टाकावीत, पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नये, कारण रंगावर बूट निसटतो. गेल्या वर्षीच्या वळणावर मी थांबलो नाही, फक्त ते ओळखले.

मी २ तास ५४ मिनिटांनी पोचलो, आमच्यात शेवटचा. मित्रांनी टॉवेल अंगावर टाकला आणि म्हणाले, “आधी सदरा बदला, मग बोला.” सल्ला अचूक होता. धाव संपल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ओले कपडे उतरवणे, हा पावसातील धावण्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

वाचकहो, आपल्या गावातही अशी सकाळची मंडळी असतील, नसतील तर आपण जमवा. पण चाळिशी ओलांडलेली असेल, घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झालेला असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू यांपैकी काही असेल, तर लांब अंतराची तयारी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सारे खरे सांगा आणि श्रमाची चाचणी करावी का, हे स्वतःहून विचारा. डॉक्टर मान हलवून गप्प बसले, तर पुन्हा विचारा. धावताना छातीत, जबड्यात, खांद्यात काहीही नवे जाणवले, तर ‘पित्त असेल’ हे निदान आपण करू नका. थांबा आणि सोबत्याला सांगा.

आमच्या मंडळींत आता दोन नियम आहेत. जून लागण्यापूर्वी प्रत्येकाची तपासणी पूर्ण झाली पाहिजे, माझीसुद्धा. आणि दिंडी मार्गावर शेवटच्या माणसाला कोणी एकटे सोडायचे नाही. मित्र आता हळू धावतात, त्यामुळे मागच्या रांगेत मला सोबत मिळाली आहे. धावता धावता ते बियाण्यांचे भाव सांगतात. जोवर त्यांना पूर्ण वाक्य बोलता येते, तोवर त्यांचा वेग ठीक आहे, हे मी जाणतो; आणि ते बोलायचे थांबले, की मी विचारतो.