वाचणाऱ्यांनाच बाहेर काढलं

यवतमाळात आर्णी रोडकडच्या एका अभ्यासिकेचं वायफाय मी बसवलं. स्पर्धा परीक्षेची मुलं, घाटंजी-दारव्ह्यापासून आलेली. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड, लॉगिन केलं की नेट सुरू. एका वेळी पन्नासच लॉगिन चालतील, अशी मर्यादा मीच घातली होती. उठून गेलेल्याची जागा लवकर मोकळी व्हावी म्हणून एक शहाणपणही केलं: पाच मिनिटं काही हालचाल नसेल तर लॉगिन आपोआप तुटेल.

दहाएक दिवसांनी काकांचा, म्हणजे अभ्यासिकेच्या मालकांचा, फोन आला. "पोरं म्हणतात, नेट जाते."

खरं तर तक्रार उशिराच आली. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली, तेव्हा पाण्यासाठी दिवस मोजलेलं हे गाव. नेट गेलं तर वाट पाहू, एवढंच मुलांना वाटलं असणार.

'नेट जाते' हे शब्द मी माझ्या सोयीने ऐकले. नेट जातं म्हणजे लाइन खराब. केबल बदलली. मग सिग्नल कमी पडतो असं ठरवून दोन नवे ॲक्सेस पॉइंट लावले आणि काकांना बिल दिलं. तक्रार तशीच. मग मुलांच्या स्वस्त फोनवर खापर फोडलं. हे मी त्यांच्यासमोर बोललो, याची आजही लाज वाटते.

तपासायला गेलो की सगळं सुरळीत. कारण साधं होतं. मी लॅपटॉप उघडून यूट्यूब लावायचो. त्यात हालचाल थांबतेच कुठे? शेवटी एक मुलगी म्हणाली, "भाऊ, मी तं काहीच करत नव्हती. नुसती वाचत होती."

तिथे डोक्यात प्रकाश पडला. पीडीएफ एकदा उतरवली की वाचताना फोन नेटवर काहीच मागत नाही. माणूस मान खाली घालून राज्यघटना वाचत असतो आणि राउटरला तो रिकामटेकडा दिसतो. अभ्यासासाठी इन्स्टा, व्हॉट्सॲप काढून टाकलेली मुलं सर्वांत जास्त वेळा बाहेर फेकली जात होती. मागच्या रांगेत रील बघणाऱ्यांना माझ्या यंत्रणेने एकदाही हात लावला नाही!

आणि बाहेर काढल्याचं त्यांना कळतही नव्हतं. लॉगिनचं पान साध्या संकेतस्थळावर जाताना पुढे करता येतं. आता जवळपास सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएसवर चालतात, तिथे मध्येच आपलं पान घुसवता येत नाही. ब्राउझर फक्त जोडणी नाही म्हणतो. म्हणून 'लॉगिन तुटलं' असं कुणीच म्हणालं नाही, 'नेट गेलं' म्हणाले.

राउटरमध्ये पाचाची तीस मिनिटं केली. फरक शून्य. दोन रात्री त्यात गेल्या. माझी लॉगिनं रेडियस सर्व्हर तपासायचा, आणि लॉगिन मंजूर करताना तोच मुदतही कळवायचा. त्याचा आकडा आला की राउटरमधला गौण ठरतो. रेडियसचे नियम सांगणाऱ्या 2000 सालच्या आरएफसी 2865 या दस्तऐवजात यासाठी दोन वेगळी खाती आहेत: 27 क्रमांकाचं एकूण वेळेसाठी, 28 क्रमांकाचं निष्क्रिय वेळेसाठी, दोन्ही सेकंदांत. माझ्या 28 मध्ये मीच टाकलेले 300 बसले होते. सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक तुटलेल्या लॉगिनपुढे कारणही लिहिलं होतं: आयडल टाइमआउट. पहिल्या दिवसापासून. मी केबल बदलत होतो.

मग वैतागून दुसरं टोक गाठलं. निष्क्रिय मुदत काढलीच, शिवाय फोन जागेवर आहे का हे राउटर दर दोन मिनिटांनी तपासत होता, तेही बंद केलं. आठवडाभरात घरी गेलेल्यांची लॉगिनं भुतासारखी उभी राहिली, पन्नासाची मर्यादा भरली आणि समोर बसलेल्यांना प्रवेश मिळेना. काका या वेळी शांतपणे म्हणाले, "आधी बाहेर काढत होता, आता आत घेत नाही."

आता रेडियसमध्ये 2700 आहे, म्हणजे पाऊण तास. फोनची तपासणी पुन्हा सुरू आहे, पण दोनऐवजी दहा मिनिटांची, कारण खिशात झोपलेला फोन लगेच उत्तर देतोच असं नाही. भिंतीवर लॉगिनच्या पानाचा पत्ता मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे. 'नेट जाते' थांबलं.

ते दोन ॲक्सेस पॉइंट अजून जिन्यात लुकलुकतात. त्यांची गरज नव्हती हे काकांना मी सांगितलं, पण त्यांचे पैसे अजून परत केलेले नाहीत.