मांडवासाठी आवाज

वरातीतला बँजो लांबून येतो तेव्हा सुराच्या आधी त्याची धार ऐकू येते. हलगी कडाडत असते, ताशा तडतडत असतो, जनरेटरची घरघर चालू असते, आणि या सगळ्यावरून ती धार थेट माडीच्या खिडकीत शिरते. दोन गल्ल्या सोडून राहणारा माणूसही गाणं ओळखतो. नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईला मिळणाऱ्या रस्त्यांवर काय, लग्नसराईत आणि चौदा एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, ही धार कानावर पडली नाही तर मिरवणूक निघाल्यासारखी वाटत नाही. गिटारचे पेडल, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायचे ते छोटे डबे, त्यांचा विषय निघाला की लोकांना विलायती बँड आठवतात. मला आधी बँजो आठवतो.

हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तैशोगोतो तयार केलं. तारांवर कळा बसवलेल्या. एका हातानं कळ दाबायची, दुसऱ्या हातानं तार छेडायची. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ते बँजो म्हणून नांदलं. मूळ आवाज नाजूक, चार माणसांत बसून ऐकायचा. तो रस्त्यावर ऐकू जावा म्हणून तारांखाली पिकअप बसला, पिकअप अ‍ॅम्प्लिफायरला जोडला गेला आणि अ‍ॅम्प्लिफायर भोंग्याला. लहान यंत्रावर मोठं काम पडलं आणि आवाज कडेनं फाटला. तो फाटलेपणा कुणी काढून टाकला नाही. ऐकणाऱ्यांना आवडला, वाजवणाऱ्यांनी जपला. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला आणि त्यातला वादक रंगवला तो लातूरजवळच्या बाभळगावच्या रितेश देशमुख यांनी. गल्लीतलं वाद्य पडद्यावर नायकाच्या गळ्यात आलेलं पाहून बरं वाटलं होतं.

आवाज फाटला आणि तोच हवासा झाला, ही गोष्ट अमेरिकेतही अशीच घडली आहे. नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. ग्रेडी मार्टिन बास वाजवत होते आणि मिक्सरची एक वाहिनी बिघडली. बासचा आवाज भरडला गेला. गाणं तसंच बाहेर आलं, १९६१ मध्ये गाजलं, आणि तो भरडलेला आवाज मागणारे लोक येऊ लागले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट बांधलं. १९६२ साली गिब्सन कंपनीनं ते मेस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आणलं. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि वीज फक्त तीन व्होल्ट, टॉर्चच्या दोन सेलची. विकताना सांगितलं जायचं की गिटारमधून पितळी वाद्यांसारखा आवाज निघेल. गिटार हातात घेऊन माणसं ट्रंपेटचा आवाज शोधत होती. आपल्या बँडबाजाच्या गावात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

आवाजात मुद्दाम खरखर मिसळणं हे विजेच्याही आधीचं काम आहे. मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा जवारीला गेला की ते समोर दिसतं. तंबोऱ्याची तार घोडीवर एका टोकदार कडेवर टेकत नाही. घोडीचा माथा रुंद आणि हलका उतरता घासलेला असतो, आणि कंप पावताना तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते. तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत कारागीर नेमकी जागा शोधतो. दोरा केसभर इकडे, आवाज बंद; केसभर तिकडे, आवाज उमलतो आणि वरचे उपस्वर झुलू लागतात. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना हेच टिपलं होतं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम. तंबोऱ्यात तो स्वच्छ उमटतो.

पेडलमध्ये घोडीचं काम डायोड करतो. गिटारचा दुबळा विद्युतप्रवाह आधी वाढवायचा आणि मग त्याच्या वाटेत दोन डायोड उलटसुलट उभे करायचे. सिलिकॉनचा १एन४१४८ असेल तर लाट साधारण ०.६-०.७ व्होल्टला पोहोचली की तिचा माथा छाटला जातो. जर्मेनियमचा असेल तर ०.३ व्होल्टच्या आसपासच, आणि तोही हळुवार. छाटलेल्या माथ्यातून नवे उपस्वर जन्मतात. मूळ सुरात ते नव्हते. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स बदलून यातले कुठले ठेवायचे नि कुठले गाळायचे ते ठरवता येतं. ट्यूब स्क्रीमर नावाच्या प्रसिद्ध जपानी पेडलमध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टन्स आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर मिळून ठरवतात की ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी भरडायचा. म्हणून ते पेडल मधल्या पट्टीत बोलतं आणि गर्दीतूनही गिटार ऐकू येते. एवढ्याशा दोन तुकड्यांवर एक स्वभाव उभा असतो.

मिरजेचं नाव निघालं की लातूरकराला तंबोऱ्याआधी पाणी आठवतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पाण्याचा आणि पेडलचा संबंध माझ्या मनात पक्का आहे, आणि तो जोडतो अर्थिंगचा खड्डा. खड्ड्यात तांब्याचा पत्रा किंवा लोखंडी पाइप पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात, आणि उन्हाळ्यात वरून पाणी ओततात. ओल असेल तरच जमीन वीज ओढून घेते. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, पाइपपासून सुटते, आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मग पेडल लावताच स्पीकरमधून घूं असा ५० हर्ट्झचा आवाज येऊ लागतो. जिथे प्यायच्या घागरीसाठी रांग आहे तिथे खड्ड्यात पाणी कोण ओतणार? पुस्तकातलं सर्किट ओली जमीन गृहीत धरून काढलेलं असतं. आपण ते कोरड्या जमिनीवर वाजवतो. म्हणून इथल्या वादकासाठी पेडल नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणं हे फार मोठं सुख आहे. बॅटरीला अर्थिंग लागत नाही, ती लाइट गेल्यावरही चालते आणि स्वतःची घूं भरत नाही.

उन्हाळा आणखी एका ठिकाणी घुसतो. नांदेडला जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे डबाभर ट्रान्झिस्टर होते, भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले एसी १२८, जर्मेनियमचे. जगभरचे पेडल बांधणारे हा नंबर शोधत असतात, कारण फझ फेस या १९६६ च्या पेडलच्या जातकुळीला तो जुळतो. चाचांनी एक उचलून मीटरच्या खोबणीत बसवला. आकडा दिसला. मग त्यांनी ट्रान्झिस्टरची धातूची टोपी अंगठा आणि तर्जनीत नुसती धरली. आकडा चढू लागला, थांबेना. बोटं काढली, वर पंखा चालू होता, तो हळूहळू उतरला. “बेटा, ह्याला गरमी सोसत नाही,” ते म्हणाले. “थंडीत सोनं आहे. मे महिन्यात याच्यावर भरवसा ठेवू नको.”

त्यांचं म्हणणं भौतिकशास्त्राला धरून होतं. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून थोडी वीज उगाच झिरपत असते, आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की ती झिरप जवळजवळ दुप्पट होते. फझ फेसच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट असावेत, म्हणजे नऊच्या निम्मे. तेव्हा लाट दोन्ही बाजूंनी बरोबर छाटली जाते. मांडवात पारा ४२ वर गेला की ते व्होल्ट ढळतात. लांबवलेला सूर शेवटी तुटक होतो, हलक्या हातानं छेडलेली तार तर बोलतच नाही. इंग्लंडच्या हवेत बांधलेल्या सर्किटाला मराठवाड्याचा मे महिना माहीत नसतो. उपाय दोन. एक म्हणजे हे व्होल्ट, म्हणजेच बायस, ठरवणाऱ्या रेझिस्टन्सच्या जागी छोटा कंट्रोल बसवायचा आणि त्याचं बटण डब्याच्या बाहेर काढायचं, म्हणजे दुपारी एक जागा आणि रात्री दुसरी. दुसरा म्हणजे जर्मेनियम सोडून सिलिकॉनचा बीसी ५४७ लावायचा. तो कुठल्याही दुकानात अगदी स्वस्तात मिळतो, उन्हाला दाद देत नाही. आवाज थोडा कडक येतो, पण वरातीत कडकपणाच कामाचा. घरच्या मैफलीसाठी जर्मेनियम, मांडवासाठी सिलिकॉन, असं मी सरळ सांगतो.

बासचा विचार वेगळा करावा लागतो. बासची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला बोलते. गिटारसाठी बांधलेलं फझ, म्हणजे आवाज भरडणारं पेडल, तिला लावलं की खालचा गाभा गळतो आणि नुसतं गुणगुणणं उरतं, कारण आतले कंडेन्सर गिटारच्या हिशेबानं निवडलेले असतात. शिरतानाचा कंडेन्सर मोठा केला तर थोडं परत मिळतं. पण खरा मार्ग म्हणजे आवाजाच्या दोन वाटा करायच्या. एक कोरी, जशीच्या तशी; दुसरी भरडलेली; आणि शेवटी एका बटणानं दोन्ही हव्या तेवढ्या मिसळायच्या. माहूरच्या रेणुकेच्या गोंधळात ही मांडणी ऐकायला मिळते. संबळ ठेका देत राहते आणि तुणतुण्याची एकच तार खाली पाया धरून वर किणकिणत असते. पाया आणि किनार दोन्ही हव्यात. बासवाल्यानं पेडल विकत घेताना कोरा आवाज मिसळायचं बटण आहे का, हे सगळ्यात आधी पाहावं.

मग इको. गावातल्या गाण्याला इको लागतोच. पीटी २३९९ ही तैवानची सोळा पायांची आयसी मुळात कराओकेसाठी काढलेली, आता स्वस्त इको पेडलच्या पोटात सर्रास असते. तिच्या सहाव्या पायाचा रेझिस्टन्स वाढवला की प्रतिध्वनी लांबतो. साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत आवाज ठीक राहतो, पुढे रवाळ होतो. मिनिटाला १२० ठोके असलेल्या चालीत अर्ध्या मात्रेला २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे ही आयसी तेवढ्यात आरामात बसते आणि ठेका दुणावल्यासारखा वाटतो. पण किती इको, हे जागा ठरवते. उघड्या मैदानात आवाज परतून येत नाही, तिथे इको हवा. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात आवाज भिंतींवर आपटून आधीच सातदा परतलेला असतो. तिथे इको लावणं म्हणजे भरल्या माठात पाणी ओतणं.

लातूर आणि नांदेड ही आज शिकवणीची गावं आहेत. गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली मुलं आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींच्या खोलीत पलंगाखाली गिटार आहे. ती मुलं मोबाइलवर पाहून पेडल मागवतात, कुणा परदेशी वादकाचा आवाज मिळावा म्हणून. त्यात वाईट काही नाही. कान असाच तयार होतो. पण डायोड, कंडेन्सर, बायस हे शब्द ज्यांनी प्रश्नपत्रिकेत सोडवले आहेत, त्यांनी ते एकदा हातानं बसवून ऐकावेत असं मला मनापासून वाटतं. पुस्तकात डायोडच्या आलेखाला एक बाक असतो. त्या बाकाचा आवाज कसा असतो, हे सोल्डर मारल्याशिवाय कळत नाही. आणि मुंबईत अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशनसारखे लोक इथेच पेडल बांधून जगाला विकतात. हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं नाही.

पेडल निवडणं म्हणजे आवाजातला कुठला दोष आपला म्हणायचा ते ठरवणं. तो दोष आपल्या हवेत टिकणारा हवा, आपल्या विजेवर चालणारा हवा, आणि समोर नाचणाऱ्याला भिडणारा हवा. दुकानांत गिटारसाठी शेकडो डबे दिसतात. बँजोचं नाव घातलेला एकही माझ्या पाहण्यात नाही. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या एखाद्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या चार पोरापोरींनी ठरवलं तर तो बांधता येईल. सिलिकॉनचे दोन ट्रान्झिस्टर, बाहेर बायसचं बटण, कोरा आवाज मिसळायची सोय, अर्ध्या मात्रेचा इको, धूळ आत जाणार नाही असा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, चालत्या गाडीच्या धक्क्यानं न निखळणारा स्विच, आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बांधून झाला की तो प्रयोगशाळेत तपासू नये. लग्नसराईत एखाद्या बँजो पार्टीच्या काकांच्या हाती द्यावा, रात्रभर वाजवू द्यावा, आणि सकाळी ते जे जे बदलायला सांगतील ते ते बदलावं.