नाणी वाचणारा माणूस

पेशवाईत नाशिकच्या टांकसाळीत पाडलेल्या रुपयावर मजकूर फारसी, बादशहाचं नाव दिल्लीच्या शाह आलमचं आणि टांकसाळीचं नाव गुलशनाबाद. उर्दू शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली, पण हे मला शिकवलं एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने. आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या गटात सगळे त्यांना चाचा म्हणायचे. हिंदू, मुसलमान, जैन, सगळे.

जुनी नाणी हाताने ठोकलेली असतात. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा एखादा तुकडाच उमटतो. कुठे नुसतं 'शाह', कुठे सनाचे दोन आकडे. चाचा डोळ्याला भिंग लावून तेवढ्यावरून पूर्ण ओळ सांगायचे. एका बाजूला हिजरी सन, दुसऱ्या बाजूला जुलूस सन, म्हणजे बादशहा गादीवर आल्यापासूनचं वर्ष. शाह आलम 1173 हिजरीत गादीवर आला. जुलूस सन 24 असेल तर हिजरी 1196 किंवा 1197 यायला हवं. पण मराठ्यांच्या टांकसाळींत जुने आकडे तसेच गिरवले जायचे, म्हणून ताळा बसला नाही तरी नाणं खोटं ठरवायची घाई करू नये, हेही तेच सांगायचे. महेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन वाचलं होतं. शिक्षण नववीपर्यंत.

शाह आलमच्या रुपयावर 'जुलूस मैमनत मानूस' असे शब्द असतात. मानूस म्हणजे सवयीचा, जवळचा. हा शब्द 'उन्स'वरून आला, उन्स म्हणजे जिव्हाळा. मी हे सांगितलं तेव्हा चाचा हसून म्हणाले होते, "म्हणजे मास्तर, आपल्या मराठी माणसाला फारसीतही जागा आहे." व्युत्पत्ती म्हणून ते खरं नाही, दोन्ही शब्द वेगळे. पण गटात तो विनोद रुळला.

गेल्या वर्षी चाचांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. कसं, ते लिहिणार नाही. का, ते एका कारणात मावत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही जमलो. कोणीही नाणी आणली नव्हती. त्यांचा मुलगा अकरा वह्या घेऊन आला. प्रत्येक पानावर नाण्याचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, खाली वजन आणि वाचन. तो म्हणाला, "अब्बा आठ महिने रात्री झोपत नव्हते. आम्हाला वाटायचं, वह्या लिहितायत."

खोलीत पंधरा-सोळा पुरुष होतो. चाचांचं कोणत्या नाण्याबद्दल काय मत आहे, हे प्रत्येकाला पाठ होतं. त्यांना झोप येत नाही, हे एकालाही माहीत नव्हतं. यात कोणाचा दोष काढायचा नाही. पण ही गोष्ट नीट बघायला हवी, कारण ती फक्त आमच्या गटाची नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातले एक रिक्षावाले भाई म्हणाले, "मी दोन वर्षं गोळ्या घेतोय, डोक्याच्या. घरी बीपीच्या आहेत म्हणून सांगितलंय." ते खाली बघत बोलले. त्यांच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, बायको गेल्यापासून दिवस कसा ढकलायचा ते कळत नाही, नाणी पुसत बसतो, पुसलेलीच पुन्हा पुसतो. दहा वर्षं एकमेकांना ओळखणारी ही माणसं हे पहिल्यांदाच बोलत होती.

मग एकाने तो प्रश्न विचारला जो आपल्या समाजात अशा वेळी हमखास येतो. "पाच वक्त नमाज पढणारा माणूस. ईमान कमजोर झालं म्हणायचं का?"

मी मौलवी नाही, पण शिक्षक म्हणून जेवढं वाचलंय तेवढं सांगितलं. आत्महत्या इस्लाममध्ये हराम आहे, यात वाद नाही. पण दुःखाने माणूस मोडतो, हे दीन नाकारत नाही. मुलाच्या विरहात रडून रडून हजरत याकूब यांचे डोळे पांढरे झाले, असं कुरआन सांगतं. ते पैगंबर होते, त्यांचं ईमान कमजोर होतं असं कोण म्हणेल? पैगंबर मुहम्मद (स.) स्वतः आपल्या लहानग्या इब्राहीमच्या मृत्यूवर सर्वांसमोर रडले. हजरत खदीजा आणि अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्याला सीरतच्या पुस्तकांत 'दुःखाचं वर्ष' असंच नाव आहे. आणि सहीह मुस्लिममध्ये तुफैल बिन अम्र यांच्या साथीदाराचा प्रसंग आहे. आजारपणाच्या वेदना असह्य होऊन त्याने आपला शेवट करून घेतला, तरी पैगंबरांनी त्याच्या माफीची दुआ मागितली. बहुसंख्य फकीहांच्या मते अशा माणसाची जनाज्याची नमाज पढली जाते. मग जनाज्याला किती लोक आले ते मोजत बसण्याचा, किंवा घरच्यांकडे वेगळ्या नजरेने बघण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मनाचा आजार हा आजारच, हेही आपल्याला नवं नाही. नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, त्यावरही उपाय करावा लागतो, ही त्यांची मांडणी. हजार वर्षांनंतर आपण गोळ्यांच्या पाकिटाला बीपीचं नाव देतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 लोकांनी आत्महत्या केली. त्यांत सुमारे 72 टक्के पुरुष. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, 22,746. व्यवसायानुसार पाहिलं तर सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा, आणि आपल्या मोहल्ल्यांत असं काम करणारे किती आहेत, ते वेगळं सांगायला नको. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं मानायला सांगितलं आणि शिक्षेऐवजी मदतीची जबाबदारी सरकारवर टाकली. कायदा बदलला. घराघरांतली कुजबुज मात्र तशीच आहे.

पुरुषांची मैत्री बहुतेक वेळा एखाद्या वस्तूभोवती असते. नाणी, कबुतरं, कॅरम, क्रिकेट. बायका समोरासमोर बसून बोलतात, पुरुष शेजारी बसून तिसरीकडे बघत बोलतात. काही जण याला पुरुषांची उणीव म्हणतात. मला ते पटत नाही. त्या रविवारी रिक्षावाले भाई बोलले ते दवाखान्यात नाही, आमच्यात बोलले, कारण दहा वर्षांच्या नाण्यांच्या गप्पांनी तेवढा विश्वास तयार केला होता. छंदाने दार उघडून ठेवलेलं असतं. "बरं आहे ना?" या प्रश्नाला "बरं आहे" हेच उत्तर ठरलेलं आहे. त्यापुढे दुसरा प्रश्न लागतो: झोप लागते का? जेवण जातंय का? आणि उत्तर आलं तर लगेच नसीहत न देता ऐकून घ्यायचं. जीव नकोसा झालाय का, हेही सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. अशा वेळी त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडे सोबत जायचं. सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

गटाने मोठं काही ठरवलं नाही. वह्या स्कॅन करायचं काम प्राध्यापक असलेल्या एका सदस्याने घेतलं, फारसी वाचन तपासायचं माझ्याकडे आलं. आणि प्रत्येकाने आठवड्यातून एकाला फोन करायचा, एवढं ठरलं. निमित्त नाण्याचं चालेल.

मागच्या मंगळवारी बँकवाल्या काकांनी रिक्षावाल्या भाईंना एका दुदांडी शिवराईबद्दल विचारायला फोन केला. शिवराईवर पाच मिनिटं बोलणं झालं आणि फोन पाऊण तास चालला. भाईंनी आता घरी सांगितलंय, गोळ्या कशाच्या आहेत ते.