झील

अवकाळीत माळवद गळालं आणि ट्रंकेतलं आज्ज्याचं घोंगडं भिजलं. ओल्या लोकरीचा उग्र वास घरभर झाला. सुनेनं नाकाला पदर लावला. मी घोंगडं उन्हात टाकून तिथंच बसलो.

दिवाळी झाली की आज्जा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचा. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, धान्य घ्यायचं, पुढं निघायचं. दिवसभर एकटा. आम्हा धनगरांच्या बिरोबाच्या ओव्या तो तिथंच जुळवी. माघारी आला की माणकाठच्या आमच्या वस्तीवर बैठक बसे. आज्जा ओवी टाकी, मागचे झील धरत, त्याचीच ओळ उचलून म्हणत.

१९७२च्या दुष्काळात निम्मी वस्ती खडी फोडायला गेलेली. मी म्हटलं, "आज्जा, येकलाच म्हण की." तो म्हणाला, "आन् झील कुणी धरायची, भिताडानं?" मग मलाच धरायला लावली. माझ्या किरट्या आवाजात स्वतःची ओळ ऐकून तो थबकला. "हितं खोटं हाय," म्हणाला आणि ओळ बदलली. कृष्णाकाठी महिनोन्महिने घोळवलेली ओळ!

मध्येच सोन्थायमर आठवतात. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर मूळ हिंदू कायद्याचे अभ्यासक. टेपरेकॉर्डर घेऊन धनगरांमागं हिंडले. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ साली आलं. १९९२ मध्ये ते गेल्यावर त्यांनी जमवलेल्या ओव्यांचं काम अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी पुढं नेलं. म्हणजे तिथंही मागं कुणीतरी होतंच.

माझा राग आहे तो महोत्सववाल्यांवर. एके ठिकाणी आमच्या गड्यांना फेटे बांधून उभं केलं, वेळ दहा मिनिटं, माईक एकच, तोही पुढच्याला. झील धरणारे नुसते तोंड हलवताना दिसले. वर निवेदक लोककला जपण्याबद्दल बोलला.

मीही आज्ज्यासारखा एकटाच, दार लावून लिहितो. झालं की बायकोला वाचून दाखवतो. ती जिथं जांभई देते तिथं पेन्सिलीची खूण करतो. ती कधी चुकलेली नाही.

आता माळावर डाळिंब आहे. २०२०च्या डिसेंबरात शेतमाल नेणारी देशातली शंभरावी किसान रेल्वे आमच्या सांगोल्यातूनच बंगालला सुटली. मला त्याचा अभिमान आहे. बागेत फवारणारा पोरगाही दिवसभर एकटाच असतो, पण कानात बोंडं घालून. त्याला स्वतःचं काही सुचायला सवड कुठली?

तुमच्या वस्तीवर अजून एखादा म्हातारा ओवी टाकत असेल, तर मोबाइल खिशात ठेवा. रेकॉर्डिंग मागनं करा. आधी झील धरा.