येरवड्याची मुलाखत

आमच्या मावळात 'येरवडा' हे नाव दोनच कारणांनी तोंडी येते. कोणी विचित्र वागू लागला, की "ह्याला येरवड्याला पाठवा" असे म्हणतात. आणि कोणी गुन्ह्यात सापडला, की तो "येरवड्याला गेला" असे हळू आवाजात सांगतात. एक मनोरुग्णालय, दुसरा तुरुंग. नोकरीसाठीही तिकडे कोणी जाते, हा तिसरा अर्थ सोमाटण्यातल्या आमच्या आळीला ठाऊक नव्हता. त्यामुळे माझी थोरली बहीण, आमची ताई, एका संध्याकाळी म्हणाली, "माझी येरवड्याला मुलाखत आहे," तेव्हा आईने घाबरून विचारले, "का ग, आपलं कोण आहे आत?" तुरुंगातल्या माणसाला भेटण्यालाही 'मुलाखत'च म्हणतात, हे आईला कुठून तरी माहीत होते!

मुलाखत होती ती कारागृहाच्या दवाखान्यातील कंत्राटी परिचारिकेच्या जागेसाठी. हे कळल्यावर आईची भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. त्या रागाला कारण होते. तीन वर्षांपूर्वी फाट्यावर बसची वाट पाहत असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी तिचे मंगळसूत्र हिसकावून नेले होते. मानेवरचा ओरखडा भरून आला, मंगळसूत्र मात्र मिळाले नाही. आई म्हणाली, "त्यातलाच एखादा उद्या तुझ्यापुढे आला, तर त्याला तू सलाईन लावणार?"

ताई गप्प राहिली. नर्सिंगची तीन वर्षे आणि नंतर खाजगी रुग्णालयातली चार वर्षे, एवढी तिची शिदोरी. परंतु हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. आमची तयारी खरे पाहता ह्या प्रश्नापासूनच सुरू झाली.

चांगली चाललेली नोकरी सोडून ताईला तिकडे का जायचे होते? एकदा तिच्या वॉर्डात पोलिसांनी एक कच्चा कैदी आणला. ताप फणफणलेला. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनी "आमचा पेशंट दुसरीकडे हलवा" म्हणून धोशा लावला. कैद्याजवळ आपले असे कोणी नव्हते. पाणी मागायचे तरी कोणाकडे? त्या रात्री ताईने त्याला पाणी पाजले. एवढीच हकीगत. पण ती म्हणते, "बाकीच्यांना घरची माणसं होती. त्याला फक्त ड्यूटीवरची नर्स होती."

ताईच्या तयारीत परीक्षकाचे काम माझ्याकडे आले. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, तेव्हा "कायद्याचं तू वाच, दवाखान्याचं मी सांगते," अशी आमची वाटणी झाली. एक दोनशे पानी वही केली आणि रोज रात्री नऊनंतर मी खुर्चीवर व ताई समोर स्टुलावर, असा सराव सुरू झाला.

वाचता वाचता मला आश्चर्य वाटू लागले. इंग्रजांनी केलेल्या १८९४ च्या कारागृह कायद्यातसुद्धा प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी, असे कलम होते. नव्या कैद्याची तपासणी करून त्याच्या अंगावरच्या जखमा-खुणांची नोंद ठेवावी, असेही त्यात सांगितले होते. मला ही कारकुनी वाटली. ताईने समजावले, "अगं, मार आत येण्याआधी बसला की नंतर, हे पुढे त्या नोंदीवरूनच कळणार." संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'त तर स्पष्ट म्हटले आहे, की बाहेर समाजाला मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला मिळावी, आणि उपचाराचा निर्णय वैद्यकीय माणसांनीच घ्यावा, तुरुंगाच्या इतर अधिकाऱ्यांनी तो फिरवू नये.

मी विचारी, "नवा कैदी आला. हात कापताहेत, घाम सुटलाय. शिपाई म्हणतो, नाटक करतोय. तू काय करशील?" ताई उत्तर देई, "दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की पहिल्या दोन-तीन दिवसांत असंच होतं. झटके येतात, जीवही जाऊ शकतो. नाडी, रक्तदाब पाहीन, लगेच डॉक्टरांना कळवीन." दोन आठवड्यांहून जुना खोकला? थुंकी तपासायला पाठवायची. कारण गर्दीच्या बराकीत एकाचा क्षय दहांना लागतो. सुया? वापरण्यापूर्वी मोजायच्या आणि नंतरही मोजायच्या. "घरी एवढा निरोप द्या, ताई" असे कोणी काकुळतीने म्हणाला तर? इथे ती अडखळली. मग म्हणाली, "निरोप नेणार नाही. पण त्याला रीतसर कसा धाडता येईल, ते विचारून सांगेन." महिला कारागृहात तर सहा वर्षांखालील मुलेही आईजवळ राहू शकतात; २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात हे आहे. म्हणजे तिथल्या नर्सला लसीकरणाचे वेळापत्रकही पाठ हवे!

आईचा प्रश्न मात्र वहीच्या पहिल्याच पानावर तसाच उभा होता.

त्याला अर्धे उत्तर मला आकड्यांत सापडले. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते; त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. पण ताईला हे पुरेसे वाटेना. "आणि शाबीत झालेला असला तर? त्याचा ताप काय वेगळा असतो?" ती म्हणाली. तेव्हा मी तिला १९८९ चा परमानंद कटारा खटल्याचा निकाल वाचून दाखवला. जखमी माणूस निरपराध असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले.

ह्या न्यायाचे एक उदाहरण तर आपल्या पुण्यातच घडले आहे. राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झालेले गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. शस्त्र चालवणारा सरकारचा डॉक्टर, मेजावर सरकारचाच कैदी; पण त्या कंदिलाच्या उजेडात केवळ एक रोगी आणि एक वैद्य एवढेच नाते होते.

हे सारे आई ऐकत होती. ती एकदम बोलली, "आत रात्री छातीत दुखायला लागलं, तर माणूस काय करतो?" ताईने सांगितले, की तो हाक मारतो, पहारेकरी कळवतो, कुलूप उघडते, बाहेरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे तर पोलीस गार्ड यावा लागतो. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आधी कोणीतरी खरं मानलं पाहिजे, की ह्याला दुखतंय." त्या दिवसापासून तिचे आक्षेप प्रवासापुरते उरले : तळेगावहून लोकल किती वाजता, पुढची बस कोणती, रात्रपाळी असली तर काय. मंगळसूत्राचा विषय तिने सोडलेला नाही. तिने तो का सोडावा? चोराला शिक्षा व्हावी, हे तिचे म्हणणे रास्तच आहे. पण शिक्षा न्यायालयाने द्यायची असते; औषध उशिरा देऊन ती वाढवण्याचा अधिकार नर्सला नाही, एवढे आता आम्हा तिघींना पटले आहे.

मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. जागा थोडी, उमेदवार पुष्कळ. निवड होईल की नाही, कोण सांगणार? बाहेर आपल्याला एक दवाखाना पटला नाही, तर आपण दुसरा गाठतो. एका डॉक्टरचा गुण आला नाही, तर गावातली चार माणसे दुसरा सुचवतात. भिंतीआडच्या रुग्णाला ती सोय नाही. त्या पाळीला जी नर्स असेल, तीच त्याची सगळी निवड. ताईची निवड होवो अथवा दुसऱ्या कोणाची. "दुखतंय" म्हणणाऱ्याचे आधी ऐकून घेणारी नर्स तिथे जावी, एवढीच इच्छा आहे.