रोमची नटी आन्ना मान्यानी

शाळेच्या वार्षिकांत एका सिनेमानटीचें चरित्र कशाला, असा प्रश्न कांहीं पालकांच्या मनांत येईल, आणि तो रास्त आहे. वह्यांच्या पुठ्ठ्यांआड दडवलेलीं नटनटींचीं चित्रें आम्हांस वर्गांत वारंवार सांपडतात व तीं आम्ही काढून घेतों. परंतु त्यांत आन्ना मान्यानीचें चित्र आजवर एकदांही निघालेलें नाहीं. निघालेंच तर बहुधा आम्ही तें मुकाट्यानें परत देऊं.

तिचा जन्म ७ मार्च १९०८ रोजीं झाला. बापाचें नांव तिला लाभलें नाहीं. मान्यानी हें आडनांव आईचें. आई लवकरच मिसर देशांतील अलेक्झांड्रियास निघून गेली आणि पोर रोममध्यें आजीपाशीं वाढली. तेथील नाट्यविद्यालयांत तिनें शिक्षण घेतलें, पण पोट भरण्यासाठीं तिला रात्रीच्या विलासगृहांतून गाणीं म्हणावीं लागलीं. पुढें तोतो या लोकप्रिय विदूषकाबरोबर तिनें हलकेफुलके खेळ केले. १९३५ सालीं गोफ्रेदो आलेस्सांद्रिनी या दिग्दर्शकाशीं तिचें लग्न झालें, तरी चित्रपटांत तिला दुय्यम कामेंच मिळत राहिलीं. याचें कारण तिचा चेहरा. केस विस्कटलेले, डोळ्यांखालीं काळीं वर्तुळें, आवाज भरड. त्या काळच्या इटालियन चित्रपटांतील स्त्रिया म्हणजे श्रीमंत दिवाणखान्यांतल्या बाहुल्या. त्या दिवाणखान्यांत पांढरे टेलिफोन मांडलेले असत, म्हणून त्या चित्रपटांस ‘पांढऱ्या टेलिफोनांचे चित्रपट’ असें थट्टेनें म्हणत. तेथें भाजीबाजारांतून उठून आल्यासारखी दिसणारी ही बाई कोठें बसावी?

१९४२ सालीं तिला मुलगा झाला. अगदीं लहानपणींच त्यास पोलिओनें गांठलें आणि त्याचे पाय गेले. नवऱ्यापासून ती तेव्हां वेगळी झाली होती. त्या मुलास तिनें स्वतःचेंच आडनांव दिलें.

सप्टेंबर १९४३ मध्यें जर्मन फौजांनीं रोमचा ताबा घेतला. धरपकडीचे दिवस होते. ३ मार्च १९४४ रोजीं तेरेसा गुल्लाचे नांवाची एक स्त्री आपल्या पकडलेल्या नवऱ्यास पाहण्यासाठीं एका बराकीबाहेर इतर बायकांच्या गर्दींत उभी होती. ती पांच मुलांची आई होती आणि पुन्हा गरोदर होती. नवरा दिसतांच ती पुढें धांवली. एका जर्मन सैनिकानें तिला गोळी घातली.

४ जून १९४४ रोजीं रोम मुक्त झालें. पुढच्या वर्षाच्या आरंभीं रोबेर्तो रोस्सेल्लिनी यानें ‘रोम, खुलें शहर’ या चित्रपटास हात घातला. चिनेचित्ताच्या मोठ्या चित्रशाळेंत निर्वासितांचीं बिऱ्हाडें होतीं, फिल्म मिळेल तेथून मिळवावी लागे. तेरेसाच्या मरणावरून त्यांत पीना हें पात्र घेतलें आणि तें मान्यानीकडे आलें. पीनाचें लग्न त्याच दिवशीं व्हावयाचें असतें. भावी पतीस ट्रकमध्यें कोंबून नेतात. ती हांका मारीत मागें धांवते, बंदुका झडतात आणि ती रस्त्यावर कोसळते. तिचा लहान मुलगा येऊन अंगावर पडतो. चित्रपट तेव्हां अजून बराच उरलेला असतो! आम्हीं तो पुढें पाहिला खरा, पण लक्ष त्या रस्त्यावरच अडकून राहिलें होतें. रडण्याचा अभिनय पुष्कळांनीं केलेला आहे. असें धांवणें मात्र आम्हीं दुसरें पाहिलेलें नाहीं.

जानेवारी १९५२ मध्यें मुंबईंत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हां हा चित्रपट व त्याच्या जातीचे इतर इटालियन चित्रपट आपल्याकडील मंडळींस पाहावयास मिळाले. त्यांपैकीं ‘सायकलचोर’ पाहून बिमल रॉय यांस ‘दो बिघा जमीन’ची स्फूर्ति झाली, हें आपणांस ठाऊक असेलच.

तिचे व रोस्सेल्लिनीचे संबंध पुढें तुटले. तो इंग्रिड बर्गमनकडे गेला आणि त्याची वर्तमानपत्रांनीं नको तितकी चर्चा केली. आपण तिकडे वळण्याचें कारण नाहीं.

पालकांस आम्ही आवर्जून सांगूं इच्छितों तो चित्रपट १९५१ चा ‘बेल्लिस्सिमा’. दिग्दर्शक लुकिनो विस्कोंती. त्यांत ती घरोघर जाऊन इंजेक्शनें टोंचणारी एक गरीब आई आहे. चिनेचित्तांत एका बालिकेची निवड व्हावयाची असते. आपली पोर निवडली जावी म्हणून ही आई पै-पै सांठवून तिला नाचाचे धडे देते, फ्रॉक शिवते, एका भामट्याच्या हातीं पैसेही ठेवते. शेवटीं लपून ती मुलीची चांचणी पाहते, तों पडद्यावर पोर भोंकाड पसरून रडत आहे आणि समोर बसलेली मोठीं माणसें पोट धरून हंसत आहेत. त्या क्षणीं त्या आईचा चेहरा पाहावा. मुलगी निवडली जाते, करारपत्र घरीं येतें, आणि ती सही करण्याचें नाकारते. बक्षीससमारंभाच्या दिवशीं कांहीं मुलांना मागून ढकलणारे हात आम्हांस दिसतात, तेव्हां हा प्रसंग हटकून आठवतो.

टेनेसी विल्यम्स या अमेरिकन नाटककारानें ‘द रोझ टॅटू’ हें नाटक तिच्यासाठींच लिहिलें होतें. इंग्रजी नीट येत नाहीं म्हणून रंगभूमीवर तें करण्यास तिनें नकार दिला; मग १९५५ च्या चित्रपटांत मात्र काम केलें आणि १९५६ सालीं उत्कृष्ट अभिनेत्रीचें ऑस्कर मिळविलें. हा मान मिळविणारी ती पहिली इटालियन नटी. १९६२ सालीं पाझोलिनीच्या ‘मम्मा रोमा’मध्यें तिनें पुन्हा एक आई रंगविली, जिचा मुलगा तिच्या सर्व धडपडीनंतरही हातचा जातो. तो चित्रपट आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांनींही कॉलेजांत गेल्यावरच पाहावा.

१९७२ सालीं फेल्लिनीच्या ‘रोमा’ चित्रपटांत ती क्षणभर दिसते. रात्रीं घराच्या दारांत दिग्दर्शक तिला गांठतो, तिला रोमचें प्रतीक वगैरे म्हणूं लागतो; तुझ्यावर आपला विश्वास नाहीं असें हंसत सांगून ती दार लावून घेते. पुढच्याच वर्षीं, २६ सप्टेंबर १९७३ रोजीं, ती कर्करोगानें वारली. शेवटच्या दिवसांत रोस्सेल्लिनी तिच्या उशाशीं होता. रोमकरांनीं अंत्ययात्रेस अलोट गर्दी केली आणि टाळ्या वाजवून तिला निरोप दिला. प्रथम तिला रोस्सेल्लिनीच्या घराण्याच्या थडग्यांत ठेविलें होतें. आतां ती समुद्राकांठच्या सान फेलीचे चिर्चेओ गांवीं आहे.